चौथ्या मिनिटाला पुढे ढकललेलं 'वेट'

आज सकाळी ओळखीतल्या एकाच्या गाडीत आयसिसचं 'वेट' (Weight) हे गाणं लागलं. बॉस्टनचा बँड, २०१० मध्येच थांबला, त्या नावाचं पुढे जे झालं त्याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. चौथं मिनिट संपायच्या आत पठ्ठ्याने बोट लावलं आणि गाणं पुढे ढकललं. वर म्हणतो, "अजून सुरूच होत नाहीये!"

अरे, पावणेअकरा मिनिटांचं गाणं आहे ते! सुरूच झालेलं असतं. बास एकच वळण घेत राहतो, मागे ऑर्गनसारखा लांब धरलेला सूर, ड्रम्स हळूहळू जागा व्यापतात. उत्तरार्धात ट्वेंटीसेव्हन या बँडच्या मारिया क्रिस्टोफरचा आवाज येतो, तो आधीच्या मिनिटांच्या जिवावर येतो. ती मिनिटं कापली तर उरतो फक्त एक गोड आवाज.

हे गाणं ज्यावर आहे तो 'ओशॅनिक' हा त्यांचा दुसरा अल्बम, सप्टेंबर २००२ चा. पहिला 'सेलेस्टियल' (२०००) म्हणजे नुसता घणाचा घाव होता. दुसऱ्यात त्यांनी घावांच्या मधली जागा मोठी केली. पोस्ट-मेटल, म्हणजे हळूहळू वाढत जाणारं लांबलचक मेटल, काय असतं असं कुणी विचारलं तर हातात हाच ठेवावा. निर्माता मॅट बेल्स, ज्याने दोन वर्षांनी मॅस्टोडॉन या बँडचा 'लेव्हायथन' हा अल्बम केला. समुद्र तिथेही आहे, पण तिथे शिकार आहे. इथे एक माणूस आतून गोठलेला, एका बाईत त्याला पूर्णत्व सापडतं, मग तिचे स्वतःच्या भावाशी संबंध असल्याचं कळतं आणि तो समुद्रात जीव देतो. नऊ ट्रॅक, तासाभराहून थोडं जास्त. आता सांगा, ही गोष्ट शफलवर कशी ऐकणार?

आणि खरा राग त्या शफलचाच आहे. सगळा अल्बम ओळीने लावला की स्पॉटिफायसारखी ॲप पूर्ण अल्बमचा आवाज एकाच मापाने कमी-जास्त करतात, त्यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात. शफल किंवा प्लेलिस्टमध्ये तेच प्रत्येक ट्रॅकला वेगळं लागतं. म्हणजे 'कॅरी'नंतरचा तो दोन मिनिटांचा तुकडा, ज्याचं नावच एक आडवी रेघ आहे, आणि त्यापाठचा 'मॅरिटाइम', हे मुद्दाम हलके ठेवलेले तुकडे वर उचलले जातात आणि जड गाण्यांच्या रांगेत येऊन बसतात. भरती-ओहोटी सपाट! त्यात क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरताना पुढचं मिसळणं, पाच-सहा सेकंदांवर ठेवलेला असेल तर एका ट्रॅकची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर चढते. क्रॉसफेड शून्यावर आणा, गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारी सोय) चालू करा, नॉर्मलायझेशन बंद करा. नॉर्मलायझेशनच्या 'लाउड' सेटिंगला तर हातच लावू नका, ते लिमिटर लावून वरचे उंचवटे दाबतं.

फोनच्या स्पीकरवर ऐकणाऱ्यांशी मी काय बोलू? साध्या बासची जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, आणि हे लोक त्याहून खाली उतरवलेल्या सुरात वाजवतात. फोनमधून दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच येत नाही. जेफ कॅक्सिडचा बास म्हणजे या अल्बमचा कणा, तोच गायब. मग "सुरू होत नाही" असंच वाटणार. गाडीतही तीच गत. स्पीकर बरे असले तरी टायरची घरघर आणि एसीचा पंखा नेमक्या खालच्या सुरांवर बसतात.

बरं, मान्य: भरल्या घरात रोज तासभर सलग कुणाला मिळतो? आणि हो, गायक ॲरन टर्नरची गुरगुर अल्बमभर जवळपास एकाच पट्टीत राहते, त्यांचा पुढचा अल्बम 'पॅनॉप्टिकॉन' या बाबतीत पुढे गेला. पण चौथ्या मिनिटाला?

वाजवणाऱ्या पोरांचंही हेच होतं. गिटार खालच्या सुरात उतरवतात, तारा मात्र त्याच १०-४६ जाडीच्या (इंचाच्या हजारांश भागात, सर्वांत बारीक ते सर्वांत जाड). मग जाड तार लोंबते, जोरात मारली की सूर वर जातो आणि खाली येतो. १२-५६ च्या आसपासचा संच लावा. नटच्या (मानेच्या टोकाला तारा धरणाऱ्या पट्टीच्या) खाचा थोड्या रुंद कराव्या लागतील, नाहीतर तार अडकून सुरात राहत नाही. इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं, पुन्हा जुळवा. गेन (ॲम्पवरचा आवाज खरखरीत करणारा खटका) जितका हवासा वाटतो त्याच्या निम्मा ठेवा. मोकळ्या तारा एकमेकींत वाजत राहतात, जास्त गेनवर त्यांचा चिखल होतो. जडपणा बास आणि ड्रम्सकडून येऊ द्या. आणि कृपा करून हळू वाजवा. शांत भागात सगळ्यांचे हात शिवशिवतात, लय पुढे पळते, आणि मोठा भाग येतो तेव्हा वाढायला जागाच उरलेली नसते. गाडीतल्या त्या बोटाचाच हा भाऊ.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्याचा दोष तरी किती? गाणं त्याच्यासमोर आलंच मुळी अर्धवट, कुठल्या तरी मिक्समध्ये, आधीचं काहीच न ऐकवता. 'वेट'च्या आधीची ती पाच मिनिटांची शांतता त्याला मिळालीच नाही.

मघाशी त्याला मेसेज टाकलाय. शफल बंद, क्रॉसफेड शून्य, गाडी उभी, इंजिन बंद, काचा वर. 'कॅरी'पासून सुरू करायचं आणि 'वेट' संपेपर्यंत हात लावायचा नाही. साधारण तेवीस मिनिटं लागतात. निळी टिक आली आहे, उत्तर अजून नाही.