स्टिकर आमचाच चुकला: १ स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की चालू सर्व्हरमधून डिस्क काढता येते असं सांगून आम्ही मशीन विकलं, तुम्ही काढली आणि दीड दिवस ऑफिस ठप्प, वर व्हिजिटचे पैसे पण घेतले. सगळं खरंय. मनापासून माफी मागतो.

झालं काय ते इथेच सांगतो कारण बाकीच्यांच्या पण उपयोगाचं आहे. चार डिस्कचं रेड-५ (डेटा सगळ्या डिस्कवर वाटून ठेवायची पद्धत, एक गेली तरी बाकीच्यांवरून काम चालतं), स्क्रीनवर आलं स्लॉट २ फेल, म्हणजे २ नंबरच्या खाचेतली डिस्क खराब, तुम्ही २ चा स्टिकर बघून ट्रे ओढला, पण कंट्रोलर (डिस्क सांभाळणारं कार्ड) मोजतो ० पासून आणि आमच्या मुलाने स्टिकर लावलेले १ पासून, म्हणजे खराब डिस्क ३ च्या ट्रेमध्ये आणि बाहेर आली चांगली. रेड-५ मध्ये एक डिस्क गेली तर चालतं, दुसरी गेली की सगळ्या डिस्कचा गट म्हणजे अ‍ॅरे बंद. तुमच्या जागी मीही तोच स्टिकर बघितला असता.

हॉट-स्वॅप, म्हणजे चालू मशीनमध्ये डिस्क बदलणं, खोटं नाहीये पण. मागच्या कनेक्टरच्या पिना लांब-आखूड असतात, अर्थची आधी टेकते मग बाकीच्या, त्यामुळे चालू मशीनमध्ये डिस्क घातली-काढली तरी काही जळत नाही. फक्त कुठली काढायची ते आपणच बघायचं असतं. आधी सॉफ्टवेअरमधून लोकेट द्यायचं, बरोबर ट्रेचा दिवा लुकलुकतो, मग लॅच उघडून ट्रे बोटभर पुढे घ्यायचा आणि आतली चकती थांबेपर्यंत अर्धा मिनिट तसाच ठेवायचा, मग पूर्ण काढायचा. हे डिलिव्हरीच्या दिवशी तुम्हाला दाखवायला हवं होतं, नाही दाखवलं.

एक गोष्ट तुम्ही फार चांगली केलीत सर, डिस्क परत घातल्यावर फॉरेन (म्हणजे ही डिस्क बाहेरून आलेली दिसते) असा मेसेज आला तेव्हा घाबरून इनिशियलाइझ (म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरुवात) दाबलं नाहीत, फोन केलात, म्हणून इम्पोर्ट करून, म्हणजे डिस्कवरची जुनी मांडणी तशीच परत घेऊन, डेटा सगळा परत आला. नंतर नवीन ४ टीबी डिस्कचं रीबिल्ड (बाकीच्या डिस्कवरून तिच्यात डेटा पुन्हा भरणं) व्हायला अख्खी रात्र गेली, तो वेळ कमी करणं कोणाच्याच हातात नव्हतं.

व्हिजिटचे पैसे आज परत पाठवतोय. बुधवारी तुमचं काम आटोपल्यावर मी स्वतः येतो, ० पासूनचे स्टिकर लावतो, प्रत्येकावर त्या डिस्कच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे पण असतील, आणि तुमच्या मुलांकडून एकदा डिस्क बदलून घेतो. याआधी विकलेल्या सगळ्या मशीनचे स्टिकर तपासायला पण सुरुवात केलीय.