छोटा सेन्सर, अंधारी घळई आणि ड्राय बॅगेत बसलेला कॅमेरा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घळईतल्या फोटोंसाठी छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा घ्या असं सुचवणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि उत्तर द्यायला मुद्दाम चार दिवस घेतले, कारण पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर नुसता वाद झाला असता. तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. घळईत उजेड इतका कमी असतो की नखाएवढ्या सेन्सरच्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्यातले फोटो म्हणजे निव्वळ चिखल, आणि तरी मी लोकांना तोच घ्या म्हणून सांगते. त्यापेक्षा मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा, एफ/१.८ ची लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) आणि एक ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न जाऊ देणारी पिशवी, विषय संपला. आणि ज्याला ते झेपत नाही त्याने नवा फोन न्यावा, आयपी६८ असतो म्हणजे पाण्यात बुडाला तरी चालतो, नाइट मोड असतो. वर हेही म्हणालात की मी लेखातले फोटो लहान करून टाकलेत त्यामुळे खरा नॉइज, म्हणजे कमी उजेडात फोटोत येणारे दाणे, कोणाला दिसतच नाही.

शेवटचं आधी घेते, कारण ते शंभर टक्के बरोबर आहे. काल मूळ फाइल उघडून पूर्ण साइजमध्ये बघितली. सावलीतल्या खडकावरचं शेवाळ, जे मला तिथे उभं असताना एकेक तंतू वेगळा दिसत होतं, ते फोटोत हिरवा रंग फासल्यासारखं दिसतं. त्या लेखात हा तुकडा मूळ साइजमध्ये टाकायला हवा होता, आज टाकतेय. दुसरी एक चूक तुम्ही दाखवली नाहीत पण ती जास्त मोठी आहे. मी लिहिलं होतं की ऑलिम्पसच्या (आता ओएम सिस्टम) टफ या वॉटरप्रूफ मालिकेतल्या टीजी-६, टीजी-७ ची लेन्स एफ/२ आहे, पण ती एफ/२ फक्त सगळ्यात वाइड टोकाला, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात २५ मिमीला. झूम करून १०० मिमीला गेलात की एफ/४.९ होते, म्हणजे उजेड जवळजवळ एक षष्ठांश. घळईत झूम केलात की फोटो गेलाच. ज्यांनी तो लेख वाचून कॅमेरा घेतला असेल त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, झूमचं बटण विसरा आणि पायाने पुढे जा.

आता मुख्य मुद्दा. सेन्सरचं गणित तुमचं बरोबरच आहे. टफमधला १/२.३ इंच म्हणवला जाणारा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, म्हणजे २८ चौरस मिमी, आणि फुल फ्रेम ३६ बाय २४, म्हणजे ८६४. तीसपट फरक, सुमारे पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). यावर वाद नाहीच. पण हे पाच स्टॉप घळईत तुमच्या हातात खरंच पडतात का, हा माझा प्रश्न आहे, आणि तिथेच आपलं पटत नाहीये.

घळईतला नेहमीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. पायाजवळ ओला गोटा, मध्ये पाणी, दोन्ही बाजूंनी भिंती, मागे वळणावर वरून उतरलेला उजेडाचा पट्टा. या फोटोत पायाजवळचा दगडही शार्प हवा आणि मागचं वळणही. फुल फ्रेमवर २५ मिमी लेन्स एफ/१.८ ला ठेवली तर मागचं सगळं शार्प ठेवून पुढे जेमतेम सहा मीटरपासून शार्प मिळतं, म्हणजे गोटा गेला. मग तुम्ही लेन्सचं तोंड बारीक करून एफ/८ ला येणार, तेव्हा कुठे सव्वा-दीड मीटरपासून शार्प मिळतं. छोट्या सेन्सरवर शार्प दिसणारी एवढी खोली (डेप्थ) एफ/२ लाच मिळते, उलट थोडी जास्तच. म्हणजे हातात धरून १/३० शटरला मी एफ/२ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की नॉइजही वाढतो) १६०० वर जो फोटो काढते, तोच काढायला तुम्हाला एफ/८ आणि आयएसओ २५६०० लागतो. तीसपट क्षेत्रफळ धरूनही फायदा उरतो तो जेमतेम एका स्टॉपचा. एक स्टॉप म्हणजे काहीच नाही असं मी म्हणत नाही, तो दिसतो. पण पाच नाहीत.

हां, विषय एकाच अंतरावर असेल तर मात्र तुम्ही जिंकलात. समोर आठ मीटरवर भिंत आणि तिच्यावर उजेडाची तिरीप, किंवा पाण्यात उभा असलेला एकटा माणूस, तिथे एफ/१.८ उघडा आणि पाचही स्टॉप घ्या, माझा छोटा कॅमेरा त्याच्या जवळपासही येणार नाही. आणि ट्रायपॉड लावता आला तर आणखीच मजा, वर सांगितलेला तो एफ/८ चा फोटो आयएसओ १०० वर आठ सेकंदांत निघतो, पाणी रेशमासारखं आणि खडकाचा कण न् कण. फक्त ट्रायपॉडला पाय टेकायला कोरडी किंवा घट्ट जागा लागते. गुडघाभर वाहत्या पाण्यात पायांना पाणी लागून ते थरथरतात, खाली वाळू असेल तर पाय हळूहळू रुतत जातात, आणि आठ सेकंदांत एक मिलिमीटर जरी रुतला तरी तुमचा तो कण न् कण संपला.

म्हणून मी आता घळईचे दोन प्रकार करते, आणि हे मूळ लेखात नव्हतं ही तिसरी चूक. एक चालायची घळई, जिथे पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आणि मध्ये मध्ये कोरडे दगड. दुसरी पोहायची, जिथे छातीभर पाणी, तळ लागत नाही, हातांनी भिंत धरून पुढे सरकायचं. चालायच्या घळईत तुमचा सेटअप योग्य, मी माझा सल्ला मागे घेते, खरंच. पोहायच्या घळईत मात्र ड्राय बॅगेतला कॅमेरा आहे म्हणजे कॅमेरा नाहीच. पाण्यातून बाहेर या, पाठीवरची बॅग काढा, तोंडाची गुंडाळी उलगडा, हात कोरडे करा, आणि कोरडे करायला अंगावर कोरडं काही नसतं, बाहीतून एक थेंब माउंटवर, म्हणजे लेन्स बसते त्या जागी, पडतो की काय म्हणून जीव मुठीत. एवढं करेपर्यंत उजेडाची ती तिरीप भिंतीवरून सरकलेली असते. अरुंद घळईत ती काही मिनिटंच टिकते, हे तुम्हीही अनुभवलं असेल. आणि सगळ्यात चांगल्या जागा नेमक्या त्याच असतात जिथे उभं राहायला दगड नसतो.

अजून एक गोष्ट, बहुतेक गुंडाळी तोंडाच्या ड्राय बॅगा शिंतोडे आणि क्षणभर बुडणं यासाठी असतात, पाठीवर घेऊन वीस मिनिटं पोहायला नाहीत. मोठा कॅमेरा न्यायचाच असेल तर रबरी सीलची कडक पेटी घ्या, त्यातही आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल, अर्धा तास. आणि ‘वेदर सील्ड’ या शब्दावर पोहू नका, तो पावसापुरता असतो.

मग मोठा सेन्सर आणि वॉटरप्रूफ एकत्र का मिळत नाही, असं तुम्ही जाता जाता विचारलंय. मिळत होतं की. निकॉनने १९६३ मध्ये निकोनॉस काढला, ३५ मिमी फिल्मचा, हाउसिंगशिवाय, म्हणजे बाहेरच्या पाणबंद पेटीशिवाय, थेट पाण्यात जाणारा. २०१३ मध्ये त्यांनीच एक इंची सेन्सरचा एडब्ल्यू१ आणला, लेन्स बदलता येणारा आणि १५ मीटरपर्यंत चालणारा. २०१६ मध्ये लायकाचा एक्स-यू आला, एपीएस-सी सेन्सर (फुल फ्रेमहून लहान, एक इंचीहून मोठा) आणि एफ/१.७ लेन्स, घळईसाठी कागदावर याहून चांगलं काही सुचत नाही मला. एडब्ल्यू१ आणि एक्स-यू, दोन्ही मालिका पुढे गेल्या नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आज मधला मार्ग म्हणजे एक इंची सेन्सरचा छोटा कॅमेरा कडक हाउसिंगमध्ये. एक इंची म्हणजे प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिमी, तरीही टफवाल्या सेन्सरच्या चौपट, आणि लेन्स एफ/१.८ ची मिळाली तर दोन स्टॉपहून थोडा जास्तच फायदा. हाउसिंगमुळे तो विटेएवढा होतो आणि बटणं जाड होतात, पण गळ्यात लटकवून पोहता येतं. मला आज नव्याने घ्यायचं असेल तर मी हेच घेईन.

फोनचं म्हणाल तर मला तो घळईत फोटोसाठी नकोच आहे. ओल्या स्क्रीनवर बोट लागत नाही, आवाजाच्या बटणाने शटर मारता येतं पण फोकस कुठे लावायचा ते सांगता येत नाही. नाइट मोड बऱ्याच फ्रेम एकावर एक रचून नॉइज कमी करतो, स्थिर भिंतीला ते झकास लागू पडतं, पण वाहतं पाणी प्रत्येक फ्रेममध्ये वेगळं असतं त्यामुळे ते ना गोठलेलं दिसतं ना रेशमी, काहीतरी मळकट मधलंच. आणि आयपी६८ ची चाचणी नव्या फोनवर, स्थिर गोड्या पाण्यात होते. वापराने सील सैल होतात हे कंपन्या स्वतःच लिहितात. अडकलात तर मदत बोलवायची तर तोच फोन हवा, तो कोरड्या डबीत राहू दे.

आता एक गोष्ट जी तुमच्याही प्रतिक्रियेत नाही आणि माझ्याही लेखात नव्हती, पण घळईतले अर्धे फोटो तीच खाते. लेन्ससमोरच्या काचेवरचा थेंब. छोट्या सेन्सरवर डेप्थ जास्त असते, हा त्याचा गुण मी वर सांगितला, तोच इथे उलटतो. मोठ्या सेन्सरवर उघड्या लेन्सला थेंब विरघळून जातो, इथे त्याची गोल धुरकट टिकली स्पष्ट उमटते, आणि तेही नेमकी उजेडाच्या पट्ट्यावर. पुसून उपयोग नाही, ओल्या फडक्याने एका थेंबाचे चाळीस होतात. कॅमेरा सरळ पाण्यात बुडवा, बाहेर काढा आणि काचेवर पाण्याचा पातळ सलग थर आहे तोवर, दोन-तीन सेकंदांत, फोटो घ्या. थर फुटून थेंब झाले की परत बुडवा.

आणि दाराची कड. वॉटरप्रूफ कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या दाराला आतून शेवयीएवढी जाड रबरी कड असते, सगळी सुरक्षितता तिच्यावर. एकदा बॅटरी संपली म्हणून मी घळईत, गुडघाभर पाण्यात उभी राहून ते दार उघडलं. बंद केलं, खटका वाजला, लाल खूण दिसली नाही, सगळं ठीक. रात्री दार उघडलं तर कार्डाच्या खाचेत पाणी आणि त्या रबरावर एकच वाळूचा कण, इतका बारीक की नखाने चाचपल्यावर कळला. कॅमेरा गेला. १५ मीटरचं रेटिंग होतं आणि मी कमरेच्या वर पाण्यात गेलेही नव्हते. तेव्हापासून नवी बॅटरी, रिकामं कार्ड आणि कडेवरून बोट फिरवणं, हे सगळं आदल्या रात्री कोरड्या खोलीत होतं आणि घळईतून बाहेर पडेपर्यंत दार उघडत नाही. याचा दुसरा फायदा म्हणजे आत दमट हवा कोंडली जात नाही, नाहीतर गार पाण्यात काच आतून धुरकटते आणि मग तासभर काही करता येत नाही. हाउसिंग वापरणार असाल तर सिलिका जेलची पुडी आत टाकाच.

सेटिंगमध्ये एकच सांगते. फोटो रॉ वर, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलवर ठेवा, आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवरून काढून डेलाइटला लावा. भिंतीवरून आपटून आलेला तो केशरी उजेड ऑटो बॅलन्स ‘दुरुस्त’ करून टाकतो, आणि मग घरी येऊन वाटतं की कॅमेरा वाईट. आकाशाची चीर फ्रेमबाहेर ठेवली तर छोटा सेन्सरसुद्धा बराच तग धरतो.

मूळ लेखात आज हे बदल करतेय: झूमचा इशारा, चालायची आणि पोहायची घळई वेगळी, आणि पूर्ण साइजचा तुकडा. तुम्ही प्रतिक्रियेत ज्या फोटोबद्दल लिहिलंत, कमरेभर पाण्यातून काढलेला, त्याचं अ‍ॅपर्चर (एफचा आकडा) आणि शटर काय होतं ते नक्की कळवा. एफ/१.८ वर पुढचा दगड शार्प आला असेल तर तो कॅमेऱ्यापासून किती लांब होता हेही, कारण माझं गणित कुठे चुकत असेल तर ते तिथेच सापडेल.