मेडिकलवाला आहे ना, मग डॉक्टर कशाला?

पाऊस सुरू झाला की नाक गळणार, घसा खवखवणार, अंगात कणकण येणार, हे ठरलेलंच आहे. आता अशा वेळी डॉक्टरकडे जाऊन तासभर नंबर लावून बसायचं, फी द्यायची आणि वर त्यांनी "व्हायरल आहे, गुळण्या करा, चार-पाच दिवसांत बरं वाटेल" म्हणून हात हलवत परत पाठवायचं, हा काय न्याय झाला? पैसे मोजलेत आपण, गोळी नको का मिळायला! त्यापेक्षा सरळ कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जा आणि म्हणा, "अझी पाचशे द्या, दोनच द्या." तो कात्रीने स्ट्रिप कापून देतो, एक्स्पायरीची तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते, पण एवढं कोण बघतंय. अ‍ॅझिथ्रोमायसिन अँटिबायोटिक आहे, ते बॅक्टेरियावर चालतं, सर्दीच्या व्हायरसला त्याने शष्प फरक पडत नाही असं कुणी शहाणं माणूस सांगायला आलंच तर त्याला म्हणावं, मला गुण येतो. येणारच हो, सर्दी तशीही आठवडा-दहा दिवसांत जाते, मग क्रेडिट गोळीला द्यायला काय हरकत आहे. काही लोकांच्या हृदयाची लय त्याने बिघडू शकते, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2013 मध्ये तशी वॉर्निंगही दिली होती, पण तुमचा ईसीजी काढलाच नाही तर बिघडलेलं कळणार तरी कसं?

अझीने भागलं नाही तर 'हाय पावरचं' मागायचं. मेडिकलवाला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह देईल. ह्यातल्या क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडने पुष्कळ जणांचं पोट सुटतं, तर घाबरायचं नाही, पोट सुटलं की ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी घ्यायची. बहुतेक जुलाब नुसत्या ओआरएसने थांबतात पण ती पावडर किती स्वस्त मिळते बघा, एवढ्या स्वस्तात कुणी बरं होतं का? मग ऑर्निडाझोलने तोंडाला पत्र्यासारखी चव येते, जेवण जात नाही, अशक्तपणा येतो, तेव्हा बी-कॉम्प्लेक्स आणि शक्तीचं टॉनिक. म्हणजे बघा, साध्या सर्दीतून तुम्ही किती लोकांचं घर चालवलंत! अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातलं, त्या कुळातलं काही घेऊन पूर्वी कधी अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील तर ते मात्र कुणाला सांगू नका, उगाच गोळी बदलतील.

खोकला तीन आठवडे जात नाहीये? लिव्होफ्लॉक्सासिन घ्या. थुंकीची तपासणी, एक्स-रे वगैरे नंतर बघू. ह्या गोळीची खासियत अशी की खोकला टीबीचा असला तरी थोडे दिवस दबतो, त्यामुळे टीबी उशिरा सापडतो, आणि सापडतो तेव्हा ह्याच गोळीला न जुमानणारा असण्याची शक्यता तुम्ही स्वतः तयार करून ठेवलेली असते. टीबीची नेहमीची औषधं चालेनाशी झाली की डॉक्टर ज्या औषधांकडे वळतात त्यात लिव्होफ्लॉक्सासिन पुढच्या रांगेत आहे, ते तुम्ही दोन-तीन दिवस चाखून ठेवलेलं बरं. ह्याच घराण्यातल्या सिप्रो, ओफ्लॉक्स वगैरे गोळ्यांनी टाचेमागचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, दुखावू शकतो, क्वचित तुटतो सुद्धा, विशेषतः साठीच्या पुढे किंवा स्टेरॉइड चालू असताना, आणि डायबिटीसवाल्यांची शुगर वरखाली होते. एफडीएने 2008 मध्ये टेंडनसाठी काळ्या चौकटीतली ताकीद छापायला लावली. आपल्याकडे खोक्यातला तो माहितीचा कागद उघडल्यावर पुन्हा घडी करून खोक्यात जात नाही म्हणून आपण तो वाचत नाही.

"गोळ्या उष्ण पडतात, दुधाबरोबर घे" हा घरातल्या मोठ्यांचा सल्ला तर सोडूच नका. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रो दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि रक्तात नीट उतरतच नाहीत, म्हणजे उष्णही पडत नाहीत आणि लागूही पडत नाहीत. डॉक्सी तर घोटभर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवं व्हा, ती अन्ननलिकेत अडकली की छातीत अशी जळजळ होते की मूळचा आजार विसरायला होतो. मुंबईत पावसाच्या पाण्यातून चालत गेल्यावर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ नये म्हणून पालिका हीच डॉक्सी डॉक्टरच्या सल्ल्याने घ्या म्हणते, तेव्हा मात्र आपण म्हणायचं, "काही होत नाही हो, दरवर्षी भिजतो आम्ही."

मुलांसाठी वेगळा खर्च नको. मागच्या दिवाळीतलं, पावडरमध्ये पाणी घालून केलेलं अँटिबायोटिकचं सिरप फ्रिजच्या दारात असेलच. ते साधारण आठवड्याभरात संपवायचं असतं, पण रंग तर अजून गुलाबीच आहे.

नियमांचं टेन्शन घेऊ नका. 1 मार्च 2014 पासून शेड्युल एच-वन, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांची यादी, लागू आहे, त्यातल्या सेफिक्सिम, लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या औषधांसाठी दुकानदाराने डॉक्टरचं, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे सगळं रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. तुम्ही फक्त "नेहमीचं गिऱ्हाईक आहे" एवढं म्हणा.

अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचे गृहस्थ, ज्यांनी 1928 मध्ये पेनिसिलिन शोधलं, ते 1945 च्या नोबेल भाषणात एका मिस्टर एक्सची गोष्ट सांगून गेले. त्या एक्सचा घसा दुखत होता, त्याने स्वतःच थोडंसं पेनिसिलिन घेतलं, जंतू मेले नाहीत पण औषधाला सरावले, तेच जंतू बायकोला लागले, तिला न्यूमोनिया झाला, पेनिसिलिन चाललं नाही आणि ती गेली. जबाबदार कोण, तर एक्स, असं खुद्द फ्लेमिंग म्हणाले. पुढे दहाएक वर्षांत आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन बनायलाही लागलं, म्हणजे माल आपल्या घराजवळ आला, आता फक्त एक्स हवे होते. ती कमी आपण भरून काढली.

तर एवढं सगळं नीट केलंत की एक दिवस लघवीचं साधं इन्फेक्शन होईल आणि ते हलेचना म्हणून कल्चर, म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायची तपासणी, करायला सांगतील. रिपोर्टमध्ये औषधांची यादी असते, समोर 'एस' म्हणजे चालेल आणि 'आर' म्हणजे जंतू दाद देत नाही. वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. शेवटी कुठेतरी कोलिस्टिनसमोर एस. हे औषध किडनीला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात जवळपास बाजूला ठेवलं होतं, आता दुसरं उरलं नाही म्हणून परत काढलंय. सलाईनमधून देतील, किडनी नीट चालते का ते कळायला रोज रक्तातलं क्रिएटिनिन तपासतील. डॉक्टर विचारतील, आधी कुठली अँटिबायोटिक्स घेतली होती? सांगा, ती पांढरी, लांबट होती ती. आणि डिस्चार्जच्या वेळी उरलेल्या गोळ्या न विसरता मागून घ्या, बिलात धरलेल्या असतात, शेजारच्या काकूंना उपयोगी पडतील.