पहिले फिगर स्केट्स : ‘एक नंबर मोठे आणि सर्वांत कडक’ या सल्ल्याचा प्रतिवाद

मुलांना रोलर स्केटिंगला नेणाऱ्या नाशिकच्या पालकांच्या आणि नोकरीनिमित्त थंड देशांत निघालेल्या मंडळींच्या मोबाइलवर गेले दोन हिवाळे एक संदेश फिरतो आहे. तिशीनंतर बर्फावरचे फिगर स्केटिंग शिकू पाहणाऱ्यांना त्यात पाच सल्ले दिले आहेत. पहिले स्केट्स नेहमीच्या बुटापेक्षा एक नंबर मोठे घ्यावेत आणि आत दोन जाड मोजे घालावेत. या वयात घोटे कमजोर असतात, म्हणून मिळेल तो सर्वांत कडक बूट निवडावा. पात्याच्या टोकाशी असलेले दाते अडखळवतात, तेव्हा ते घासून टाकावेत. नवे पाते धारदारच येते आणि पुढे कोणताही धारवाला त्याला धार लावू शकतो. आणि भाड्याच्या स्केट्सवर पैसे घालवण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून स्वतःची जोडी घ्यावी.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये, म्हणजे यंत्रांची हत्यारे आणि साचे घडवणाऱ्या विभागात, बावीस वर्षे काम करतो आहे. कंपनीच्या एका यंत्राच्या उभारणीसाठी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एक हिवाळा काढावा लागला, तेव्हा वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी बर्फावर उभे राहायला शिकलो. यांतला पहिला सल्ला तिथल्या एका दुकानात मलाही मिळाला होता आणि मी तो पाळला होता. संदेश लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मोठ्या वयात पडण्याची भीती खरी असते आणि त्या भीतीपोटीच हे सल्ले दिले गेले आहेत. तथापि त्यांतील बहुतेक सल्ल्यांनी पडण्याचा धोका वाढतो, म्हणून त्यांचे उत्तर सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी मापाविषयी. आपल्याकडे मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेण्याची रीत आहे आणि ती योग्यही आहे, पण चाळिशीतल्या माणसाचा पाय वाढणार नसतो. उलट बुटाचे अस्तरच वापराने दबते आणि बूट आतून थोडा सैल होतो. नवी कोल्हापुरी चप्पल थोडी घट्टच घ्यावी, ती पायावर बसते, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते. चामड्याच्या स्केटिंग बुटालाही तोच न्याय लागू आहे. माझ्या मोठ्या बुटात प्रत्येक पावलाला टाच वर उचलली जात होती. तिसऱ्याच दिवशी दोन्ही टाचांना फोड आले, आणि त्याहून वाईट म्हणजे मी पाय वळवला तरी बूट क्षणभर उशिराने वळत असे, त्यामुळे पाते कुठे जाईल याचा भरवसा राहत नसे. मनगट मुरगळले ते अशाच एका वळणावर.

दोन मोज्यांनी ही उणीव भरून निघत नाही. एक मोजा दुसऱ्यावर घसरत राहतो, घर्षण वाढते आणि सैल बूट आवळण्यासाठी नाड्या इतक्या ओढाव्या लागतात की रक्तप्रवाह मंदावून पाय अधिकच गारठतात. एकच पातळ, सुरकुती न पडणारा मोजा पुरेसा असतो.

मग मोठा बूट घेण्याचा सल्ला इतका पटतो का? माझ्या मते त्याचे कारण लांबीत नसून रुंदीत आहे. आयुष्यभर चपला वापरलेल्या पायाचा चवडा बहुधा पसरट असतो आणि टाच त्या मानाने अरुंद. असा पाय सामान्य रुंदीच्या स्केटमध्ये घातला की चवडा दाबला जातो, आणि ती अडचण दूर करण्यासाठी लोक लांबी वाढवतात. चवड्याला जागा मिळते, पण टाच मोकळी सुटते. याचे खरे उत्तर त्याच लांबीचा रुंद बूट हे आहे. जॅक्सनसारख्या कंपन्या एकाच नंबरात निरनिराळ्या रुंदीचे बूट बनवतात आणि रुंदी इंग्रजी अक्षराने दाखवतात, तेव्हा दुकानात ते अक्षर विचारून घ्यावे.

नंबरावर तर मुळीच विसंबू नये. आपल्याकडचा बुटाचा नंबर बहुधा ब्रिटिश पद्धतीचा असतो, पुरुषांच्या बुटांचा अमेरिकी नंबर त्याहून साधारण एकाने जास्त असतो, स्केटचा नंबर पुन्हा अमेरिकी बुटाच्या नंबरापेक्षा कंपनीनुसार अर्ध्याने, एकाने किंवा त्याहूनही कमी येतो, आणि एडेआसारखी इटालियन कंपनी तर माप थेट मिलिमीटरमध्येच देते. अशा स्थितीत ‘एक नंबर मोठा’ म्हणजे नेमका कोणत्या नंबराहून मोठा, हेच संदेशातून कळत नाही. पूर्वी मोची कागदावर पाय ठेवायला सांगून भोवती पेन्सिलीने रेघ मारून घेत असे; ती पद्धत आजही सर्वांत खात्रीची आहे. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. टाच भिंतीला टेकवून, त्या पायावर पूर्ण भार देऊन लांबी आणि चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच सारखे असतात. बूट घातल्यावर ताठ उभे राहिले असता बोटांची टोके पुढच्या भागाला हलकी लागावीत आणि गुडघे वाकवल्यावर ती किंचित मागे यावीत. नाड्या न बांधता पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे हाताचे बोट आरामात शिरले, तर बूट मोठा आहे असे समजावे.

दुसरा मुद्दा कडकपणाचा. बर्फावर तोल राखण्यासाठी गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने वाकावे लागतात आणि त्यासाठी घोटाही पुढे झुकावा लागतो. बूट इतका कडक असेल की शिकाऊ माणसाचे वजन आणि जोर त्याला वाकवू शकत नाही, तर गुडघा अडतो, कंबर मागे जाते, भार पात्याच्या मागच्या टोकावर पडतो, पाय पुढे निसटतात आणि माणूस मागे पडतो. मागे पडताना माकडहाड आणि डोके यांना मार बसण्याची शक्यता असते, म्हणजे ज्या इजेच्या भीतीने कडक बूट घेतला तीच जवळ येते. सर्वांत कडक बूट दुहेरी-तिहेरी गिरक्यांच्या उड्या मारणाऱ्यांसाठी बनवलेले असतात. उडीनंतर जमिनीवर येताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर येतो, तो पेलण्यासाठी ती ताठरता लागते.

याचा अर्थ सर्वांत मऊ बूट घ्यावा असा मात्र नाही. हौशी वापरासाठी मिळणारे पातळ रेक्झिनचे बूट तीस किलोच्या मुलाला चालून जातील, पण पंचाहत्तर किलोच्या माणसाखाली ते घोट्याशी दुमडतात. म्हणून शिकण्याची पायरी आणि शरीराचे वजन या दोन्हींचा विचार करून, साध्या गिरक्या आणि एकेरी उड्यांपर्यंत पुरेल असा मध्यम बूट निवडावा. कंपन्या ताठरतेचे आकडे देतात, परंतु प्रत्येकीची मोजपट्टी वेगळी असल्याने एका कंपनीचा पन्नास आणि दुसरीचा पन्नास यांची तुलना करता येत नाही.

‘घोटे कमजोर’ या निदानाविषयीही सावध राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. नवशिक्याचे घोटे आत कलंडतात, ते बहुतेक वेळा बूट मोठा असल्यामुळे, नाड्या घोट्यापाशी सैल राहिल्यामुळे किंवा पाते तळाच्या मध्यरेषेवर नीट न बसवल्यामुळे. नाड्या बोटांपाशी थोड्या मोकळ्या, घोट्याच्या वळणाशी घट्ट आणि वरच्या हुकांशी गुडघा वाकेल इतपत, अशा बांधाव्यात. पडण्याची काळजी वाटत असेल, तर गुडघ्याचे पॅड, हातमोजे आणि हेल्मेट यांवर खर्च करावा.

दात्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. नवशिक्या दात्यांमुळे अडखळतो, कारण तो चालताना ढकलतो तसा चवड्याने मागे ढकलतो आणि वजन पुढे टाकतो. ढकलायचे असते ते पात्याच्या आतल्या कडेने, बाजूला. हे दोन-चार दिवसांत समजते. दाते घासले की ते परत येत नाहीत, आणि पुढे गिरक्या व टो लूप, फ्लिप, लुट्झ यांसारख्या उड्या शिकताना त्यांचीच गरज पडते. ज्याला दाते मुळातच नकोत, त्याने हॉकीचे स्केट्स घ्यावेत.

धारेच्या मुद्द्यावर मात्र थोडे थांबणे भाग आहे, कारण तो माझ्या व्यवसायाचा आहे आणि संदेशातील सर्वांत घातक चूक मला तिथेच दिसते. सुरीची धार एकाच रेषेत असते. फिगर स्केटचे पाते सुमारे ४ मिलिमीटर जाड असते आणि त्याच्या तळाशी लांबीच्या दिशेने एक उथळ पन्हळ कोरलेली असते. त्या पन्हळीच्या दोन बाजूंना दोन कडा तयार होतात, एक आतली आणि एक बाहेरची. साधारणपणे नवशिक्यासाठी ही पन्हळ अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर त्रिज्येची ठेवतात. चार मिलिमीटर रुंदीत या त्रिज्येची खोली काढली तर ती जेमतेम ०.१६ मिलिमीटर भरते, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीइतकी. सारे स्केटिंग एवढ्याशा खोलीवर आणि दोन्ही कडांची उंची सारखी असण्यावर अवलंबून असते.

आता मेन रोडवर किंवा दारावर येणारा धारवाला फिरत्या सहाणेवर हे पाते आडवे धरील, तेव्हा काय होईल? पन्हळ नाहीशी होईल, किंवा एक कड उंच आणि दुसरी बुटकी राहील. मग सरळ जायचे म्हटले तरी पाय एका बाजूला ओढला जाईल. यात त्याच्या कौशल्याचा दोष नाही, कारण त्याचे साधन या कामासाठी नाहीच. आमच्या टूलरूममधील सरफेस ग्राइंडरवरही, म्हणजे धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करणाऱ्या यंत्रावरही, हे काम होणार नाही. पाते लांबीतही किंचित वक्र असते, तो वक्र साधारण ७ ते ८ फूट त्रिज्येचा असतो आणि त्यामुळेच पाते एका वेळी थोड्याच भागावर टेकते व वळू शकते. सरफेस ग्राइंडर त्याला सपाट करून टाकील. या कामासाठी दगडाच्या कडेला हिऱ्याच्या ड्रेसरने नेमक्या त्रिज्येचा आकार द्यावा लागतो, पाते पक्कडीत धरून लांबीच्या दिशेने फिरवावे लागते आणि मूळचा वक्र सांभाळावा लागतो. सातपूर-अंबडमध्ये मायक्रॉनमध्ये काम करणारे कारागीर आहेत, याचा मला अभिमान आहे, पण त्या जुळणीशिवाय त्यांनीही हे पाते हाती घेऊ नये.

नवे पाते धारदारच येते, हेही सरसकट खरे नाही. अनेक पाती कारखान्यातून अंतिम धारेविना येतात, म्हणून विकत घेतानाच धार लावून द्यायला सांगावे. अंगठ्याचे नख कडेवर हलके आडवे ओढले असता नखाचा बारीक कीस निघाला, तर धार आहे. दोन्ही कडांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून ती पात्याच्या बाजूशी काटकोनात आहे का, तेही पाहावे. त्यानंतर वीस-तीस तासांच्या सरावाला एकदा धार पुरते. प्लास्टिकच्या कृत्रिम फरशीवर सराव केला तर ती फार लवकर जाते. वापरानंतर पाते पुसून कापडी आवरणात ठेवावे. चालताना लावायचे प्लास्टिकचे गार्ड ओल्या पात्यावर तसेच ठेवले, तर नाशिकच्या पावसाळ्यात गंज धरायला वेळ लागत नाही.

शेवटचा सल्ला पहिल्या दिवसापासून स्वतःची जोडी घेण्याचा. भाड्याचे स्केट्स अनेकदा मऊ पडलेले आणि बोथट असतात, हे संदेशाचे निरीक्षण बरोबर आहे. पण नाशिककराला बर्फ कुठे मिळणार आहे, हा प्रश्न त्यात विचारलाच गेलेला नाही. आपल्या शहरात रोज सराव करता येईल असे बर्फाचे मैदान नाही. शिमल्याचे १९२० पासूनचे मैदान नैसर्गिक बर्फाचे असल्याने ते फक्त हिवाळ्यात आणि हवामानाच्या मर्जीने चालते. गुरुग्रामच्या मॉलमधील बर्फ किंवा २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेले देहरादूनचे हिमाद्री मैदान येथपर्यंत वर्षातून एक-दोनदाच जाणे होते. इतक्यासाठी भाड्याची जोडी योग्य ठरते. मात्र नुकतीच धार लावलेली जोडी मागावी आणि घोट्याशी दुमडलेला बूट परत करावा.

ज्याला नाशिकमध्येच नेमाने सराव करायचा आहे, त्याने बुटाखाली एका रेषेत चाके असलेली (इनलाइन) चौकट बसवून घेण्याचा विचार करावा. फिगर स्केटिंगच्या बुटासाठी अशा चौकटी मिळतात, पुढे दात्यांच्या जागी रबरी टोक असते, आणि मापाविषयी वर लिहिलेले सारे तिथेही तसेच लागू पडते. जो काही महिन्यांसाठी थंड देशात निघाला आहे, त्याने इथून जोडी मागवून सामानात भरू नये. तिथे पाय घालून पाहता येतो, पाते हलवून मध्यरेषेवर आणता येते आणि धारही लगेच लावून मिळते. निघण्याआधी एका संध्याकाळी दोन्ही पायांचे आराखडे कागदावर काढून त्यावर मिलिमीटर लिहावेत आणि दुकानात नंबर सांगण्याऐवजी तो कागदच पुढे करावा.