गॅरामाँडने 40 कोटी डॉलर वाचतात म्हणे

तो मेसेज ग्रुपवर परत आलाय. आहे 2014 सालचा, पण कुणीतरी "अभिमानास्पद!" लिहून पुढे ढकलतंच. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या 14 वर्षांच्या मुलाने म्हणे सिद्ध केलं की सरकारने टाइम्स न्यू रोमन फॉन्ट सोडून गॅरामाँड फॉन्ट वापरला तर शाईचे वर्षाला 40 कोटी डॉलर वाचतील. पोरगं हुशारच, शाळेच्या प्रोजेक्टसाठी अक्षरं मोठी करून छापली, कापली आणि चक्क वजन करून बघितली, माझं भांडण त्याच्याशी नाहीच, मेसेजशी आहे.

"गॅरामाँडला शाई कमी लागते." लागते ना, कारण तो लहान आहे! 12 पॉइंट म्हणजे अक्षराची उंची नव्हे, ते माप जुन्या छपाईतल्या शिशाच्या खिळ्याच्या (म्हणजे एका अक्षराच्या ठशाच्या) अंगाचं, त्यावर अक्षर केवढं कोरायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. वर्डमध्ये दोन्ही फॉन्टमध्ये 12 ला इंग्रजी एक्स टाइप करून शेजारी शेजारी ठेवा, गॅरामाँडचा खुजा दिसेल, टाइम्सच्या उंचीला आणायचा तर जवळपास 14 करावा लागतो आणि तिथे बचत संपली. नाहीतर टाइम्सच साडेदहाला आणा, शाई वाचेल, फॉन्ट बदलायचीही गरज नाही, डोळे काय दोन्हीकडे ताणायचेच.

"टाइम्स उधळ्या आहे." अहो, तो जन्मजात कंजूष! लंडनच्या टाइम्स पेपरसाठी स्टॅन्ली मॉरिसनच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डेंटने काढला, 3 ऑक्टोबर 1932 पासून पेपर त्यात निघायला लागला. अरुंद कॉलमात जास्त शब्द मावावेत आणि तरी नीट वाचता यावेत, म्हणून तर अक्षरं अंगाने बारीक पण उंच.

"40 कोटी." अंदाज होता केंद्राचे 13.6 आणि राज्यांचे 23.4 कोटी, म्हणजे 37, बाकीचे तीन आकडा गोल करताना आले. आणि "शाई परफ्यूमपेक्षा महाग" हे घरातल्या इंकजेटच्या कार्ट्रिजबद्दल खरंय, पण ऑफिसात लेझरचा टोनर असतो आणि मोठी छपाई ऑफसेटवर होते, तिथली शाई किलोवर घेतात.

"16व्या शतकातल्या गॅरामाँडची अक्षरं." म्हणजे क्लोद गॅरामाँड, अक्षरांचे ठसे कोरणारा फ्रेंच कारागीर. पण वर्डमधला गॅरामाँड मोनोटाइप या फॉन्ट कंपनीने 1922 मध्ये काढलेल्या फॉन्टवरून आलाय, आणि त्याचा नमुना ज्याँ जानों या दुसऱ्याच फ्रेंच मुद्रकाचा, जो जन्मला 1580 ला, गॅरामाँड 1561 लाच गेलेला. ही चूक छपाईच्या अभ्यासक बिअॅट्रिस वॉर्डने 1926 मध्ये पकडली, तीही पुरुषाच्या टोपणनावाने लिहून (का ते तुम्हीच समजा).

आता खाली कुणीतरी लिहिलंय, "मंत्रालयानेही हे करावं." दादा, त्या गॅरामाँडमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, मराठीला लावलात तर वर्ड गुपचूप मंगल नाहीतर असाच दुसरा कुठला तरी फॉन्ट दाखवणार. शासन निर्णय कशात काढणार मग?