खाल्ल्या घरचे वासे? विल्सनवरच्या आक्षेपाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या वुड्रो विल्सनच्या १९१० मधल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीवर मी लिहिलं, ते तुम्हाला भाबडं वाटलं. ज्या बॉसने, म्हणजे पक्षयंत्रणा मुठीत ठेवणाऱ्या पुढाऱ्याने, उमेदवारी दिली त्यालाच निवडून आल्यावर लाथाडणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं, असं तुमचं म्हणणं.

उमेदवारीबद्दल कान पकडतो. 'जनतेने पुढे आणलेला प्राध्यापक' हे माझे शब्द साफ चुकले. प्रिन्स्टन विद्यापीठाचा हा अध्यक्ष शोधला 'हार्पर्स वीकली'चे संपादक जॉर्ज हार्वी यांनी, आणि ट्रेंटनमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्याच्यामागे प्रतिनिधी उभे केले ते नेवार्कचा माजी सिनेटर जेम्स स्मिथ आणि त्याचा भाचा नुजंट यांनी. १८९६ पासून राज्यात रिपब्लिकन गव्हर्नर होते. स्मिथला स्वच्छ चेहरा हवा होता. पक्षातल्या सुधारणावाद्यांना तर विल्सन नकोच होता. पुढे त्याचा सचिव झालेला जोसेफ टमल्टी त्या दिवशी विरोधकांत बसला होता!

पण दगाफटक्याचं मला पटत नाही. मी कुणालाही शब्द दिलेला नाही, हे विल्सनने उमेदवारी स्वीकारतानाच सांगितलं होतं. मग ऑक्टोबरमध्ये जॉर्ज रेकॉर्ड या सुधारणावादी रिपब्लिकनाने त्याला जाहीर पत्रातून १९ प्रश्न टाकले. बॉसशाही आहे हे मान्य करता का? तुमच्याच पक्षातले स्मिथ, नुजंट आणि जर्सी सिटीचा बॉस डेव्हिस त्याच माळेचे मणी, हे मान्य करता का? विल्सनने लेखी उत्तर दिलं: हो. हे मतदानाच्या दोन आठवडे आधी. स्मिथने ते वाचलं नसेल असं कसं म्हणावं? निवडणुकीतली भाषा म्हणून सोडून दिलं असावं, असा माझा अंदाज. ८ नोव्हेंबरला विल्सन रिपब्लिकन उमेदवार व्हिव्हियन लुईसवर सुमारे ४९ हजारांनी निवडून आला.

खरी ठिणगी सिनेटच्या जागेवरून पडली. तेव्हा सिनेटरची निवड मतदार नव्हे, राज्याचं विधिमंडळ करायचं. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतला मतदारांचा कौल बंधनकारक नव्हता. त्या प्राथमिक फेरीत स्मिथ उतरलाच नाही. जेम्स मार्टिन उतरला आणि जिंकला. विधिमंडळात डेमोक्रॅट्सचं बहुमत आल्यावर मात्र स्मिथला जागा आठवली. गंमत म्हणजे मार्टिनच्या वकुबाबद्दल विल्सनचंही मत चांगलं नव्हतं, आणि आधी तोही घुटमळला. (हे मी लेखात गाळलं, ती माझी लबाडी समजा.) शेवटी तो कौलाच्या बाजूने उभा राहिला, जर्सी सिटी आणि नेवार्कमध्ये स्मिथविरुद्ध जाहीर सभा घेतल्या. जानेवारी १९११ च्या पहिल्या मतदानात मार्टिनला ४० मतं, म्हणजे बहुमताला एक कमी. दुसऱ्या दिवशी ४७. स्मिथकडे उरली ३.

त्याच वर्षीच्या गेरन कायद्याने गव्हर्नरपदाची उमेदवारीही थेट मतदारांच्या हाती गेली. विल्सन ज्या दाराने आत आला, ते दारच बुजलं. स्मिथचा राग मला कळतो. पण उमेदवारी देणं म्हणजे माणूस विकत घेणं नव्हे.

विल्सनच्या वर्णभेदाबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. १९१३ नंतर त्याच्याच राष्ट्राध्यक्षपदाच्या कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत कृष्णवर्णीयांना वेगळं बसवलं गेलं. तो विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही, स्वतंत्र लिहीन. 'जनतेने पुढे आणलेला' हे वाक्य मात्र आजच खोडलं आहे.