बत्तीस अंशांचा मानपान

"सर, तुम्ही लॅबमंधी काय करून राह्यले?" असं गावात कोणी विचारलं, की मी "प्लास्टिक बनवतो" म्हणून मोकळा होतो. पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलअमाइड हे नाव पुरं होईस्तोवर विचारणारा एसटीत चढून गेलेला असतो.

हा पदार्थ गार पाण्यात मुकाट विरघळतो. पाणी 32 अंशांच्या वर गेलं, की त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या पाण्याशी धरलेले हायड्रोजन बंध सोडतात आणि मानपान न झालेल्या जावयासारख्या अंग चोरून बसतात. कुपी पांढरीफटक. गार करा, पुन्हा नितळ. 1968 साली हेस्किन्स आणि गिलेट यांनी हा स्वभाव लिहून ठेवला, तोही कॅनडात बसून! अकोल्याकडं मे महिन्यात रात्रीची जेवणं उरकली तरी पारा 32 वर उतरत नाही. जगभर लोक हा प्रयोग तापवून दाखवतात. आम्ही कुपी कूलरच्या टाकीत बुडवतो. बाहेर 45 असलं तरी हवा कोरडी, त्यामुळं टाकीतलं पाणी पंचविशीच्या आसपास राहतं. कुपी नितळ होऊन वर येते, बुडाला कूलरच्या गवताच्या दोन काड्या चिकटवून.

बनवणं त्याहून जिकिरीचं. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलायचा, नाहीतर तो साखळीला कड्या जोडणारी मुक्त मूलकं गिळून टाकतो आणि साखळी वाढतच नाही. मग तेलाचा बाथ 65 अंशांवर धरायचा. 45 अंश सूर्य फुकट देतो, वरच्या 20 साठी वीज लागते, आणि ती नेमकी तेव्हाच जाते.

त्यात आमचा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यातले क्षार या पदार्थाचा रुसण्याचा आकडा आणखी खाली ओढतात. म्हणून डिस्टिल्ड पाण्याचा कॅन मी कपाटात कुलपात ठेवतो. नाहीतर पोट्टे ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओततात.

"सर, याले जरा उन्हाची सवय लावा न," लॅबमधले काका एकदा म्हणाले. सवय लागत नाही, पण सोबत बदलता येते. पाण्याची जास्त ओढ असलेला डायमिथाइलअॅक्रिलअमाइड हा दुसरा मोनोमर, म्हणजे साखळीची कडी, त्याच साखळीत गुंफला, की रुसण्याचं तापमान वर सरकतं. त्यालाच म्हणायचं कोपॉलिमर. प्रमाण वाढवत नेलं आणि एक कुपी भर दुपारी टेबलावर नितळ उभी राहिली. काकांनी ती उजेडात धरली, हलवली, उलटी करून पाहिली.

"सर, आता त हे पांढरंच नाही होत. मंग लोकायले दाखवसान काय?"